अर्ध्या तासाची खुर्ची

दहा वर्षं मी मुंबईच्या एका उपनगरातल्या मॉलमध्ये, कपड्यांच्या दुकानात उभी होते. नोकरीत होते असं म्हणायची रीत आहे, पण दिवस संपताना अंगात उरायचं ते उभं राहणंच. सकाळी साडेदहाला हजेरी, अकराला शटर वर, रात्री नऊला सुटका. ट्रायल रूममधून परत आलेल्या कुर्त्यांच्या घड्या घालायच्या, साइज शोधून द्यायची, हँगर एका रांगेत लावायचे, टार्गेटचा आकडा वहीत चढवायचा. सगळं उभ्यानं. दुकानात गिऱ्हाइकांच्या सोबत आलेल्यांसाठी एक गुबगुबीत बाकडं होतं. त्यावर आपण बसायचं नाही, हे पहिल्या दिवशीच सांगितलं गेलं. गिऱ्हाईक नसलं तरी भिंतीला टेकायचं नाही. वर कॅमेरा होता.

पहिल्या महिन्यात रात्री घरी आल्यावर सँडलचा पट्टा पायावर कोरल्यासारखा उमटलेला दिसायचा. बादलीत कोमट पाणी, मूठभर मीठ, त्यात पाय. मुलगी तेव्हा दुसरीत होती. ती शेजारी बसून अभ्यास करायची आणि मधूनच पाण्यात बोट बुडवून गार झालं का ते बघायची. पोटऱ्यांवर निळ्या शिरा चढल्या त्या पुढे कायमच्याच राहिल्या.

जेवणाची सुट्टी अर्ध्या तासाची, तीही पाळीपाळीनं. मी डबा न्यायचे. तो खायला तळघरात, पार्किंगला लागून स्टाफची खोली होती. चार बाकं आणि सगळ्या मॉलची माणसं: सेक्युरिटीवाले, हाउसकीपिंगच्या बायका, आमच्यासारख्या दुकानातल्या मुली. जागा मिळाली तर मिळाली, नाही तर तिथंही डबा हातात धरून उभ्यानं जेवायचं. वर तिसऱ्या मजल्यावर फूड कोर्टमध्ये शेकडो खुर्च्या, त्यातल्या दुपारच्या वेळी निम्म्याहून जास्त रिकाम्या. पण बाहेरचे पदार्थ आणायला मनाई. तिथं बसायचं तर तिथलं काही तरी विकत घ्यावं लागे.

म्हणून मी बुधवारी चायनीज खायला लागले. बुधवारी मॉलमध्ये गर्दी कमी, त्यामुळे ब्रेक कापला जायचा नाही. आणि चायनीज यासाठी की आयकार्ड दाखवलं की ९० रुपयांत एक कॉम्बो मिळायचा: फ्राइड राइस नाही तर हक्का नूडल्स, आणि त्यावर मंचुरियनची ग्रेव्ही. इतक्या पैशांत इतकं गरम आणि पोटभर दुसऱ्या कुठल्याच काउंटरवर नव्हतं. लवकरही मिळायचं. सरकत्या जिन्यानं वर जायला चार मिनिटं, कार्डात पैसे भरायला दोन, प्लेट हातात यायला पाच-सहा, खायला दहा. मग परतीची चार सोडून उरलेली चार-पाच मिनिटं नुसतं बसायचं. समोरच्या प्लेटमध्ये काही असेपर्यंत कुणी उठवत नाही, हे मला लवकर कळलं. शेवटचे चार घास मी मुद्दाम मागे ठेवत असे.

ती खुर्ची काही आरामाची नव्हती. फूड कोर्टच्या खुर्च्या माणसानं खाऊन उठावं, पुढच्याला जागा करावी याच बेतानं घेतलेल्या असतात. कडक पाठ, हाताला आधार नाही. तरी आठवड्यातून एकदा मी तिच्यावर पाठ टेकायचे, टेबलाखाली सँडल सोडून तळवे गार फरशीवर ठेवायचे, आणि मला वाटायचं, या क्षणी मी कुणाची कुणी नाही. समोरचं पान माझ्यासाठी कुणी तरी वाढलंय. घरी मी वाढते, दुकानात मी दाखवते. इथं मी नुसती जेवते.

माझी ठरलेली खुर्ची काउंटरच्या अगदी समोर होती, म्हणून स्वयंपाक करणारा माणूस माझ्याकडे रोखून बघत असल्यासारखा दिसायचा. सडपातळ, चाळिशीला आलेला, डोक्याला काळा रुमाल, कोपरापर्यंत दोन्ही हातांवर चटक्यांचे जुने-नवे डाग. मदतनीस मुलं त्याला 'दाई' म्हणायची. मला आधी वाटलं ते नावच असेल. नंतर समजलं, नेपाळीत दाई म्हणजे मोठा भाऊ. बाकी मॉल त्याला 'बहादूर' म्हणून हाक मारायचा, जसा तो प्रत्येक नेपाळ्याला मारतो. ते त्याचं नाव नव्हतं. मीही मग दाईच म्हणू लागले, आणि तो मला ताई.

त्याचं काम मी इतक्या वेळा पाहिलंय की आजही डोळे मिटून सांगता येईल. भात सकाळीच शिजवलेला, जरा कमी बोटचेपा, परातीत पसरून गार केलेला. गरम भात कढईत टाकला तर त्याचा गोळा होतो. गार भाताचं शीत न् शीत सुटं राहतं. ऑर्डरची चिठ्ठी आली की तो गुडघ्यानं गॅसचा खटका सरकवायचा, कारण दोन्ही हात मोकळे हवेत. भट्टी अशी गरजायची की त्याच्याशी बोलायचं तर ओरडावं लागे. कढईत तेल फिरवायचं, जास्तीचं परत ओतायचं, मग ठेचलेला लसूण, कोबी, गाजर, ढोबळी मिरची. लगेच भात. डाव मीठ-मिरपुडीच्या डब्यांना टोकानं नुसता शिवायचा, मोजमाप मनगटात होतं. सोया सॉस तो भातावर कधीच ओतत नसे. कढईच्या तापलेल्या काठावरून सोडायचा. काठाशी तो चर्रकन जळायचा आणि तो खरपूस धुरकट वास भाताला लागायचा. घरच्या गॅसवर तो वास येत नाही. कॅन्टनकडचे लोक त्याला 'वोक हेई' म्हणतात, म्हणजे कढईचा श्वास. मग दोन-तीन उसळ्या. अख्खा भात ज्वाळेवरून वर जायचा आणि एक शीतही बाहेर न सांडता परत कढईत यायचा. वरून पातीचा कांदा. भात वाटीत दाबून प्लेटमध्ये पालथा. भट्टीच्या वरच नळ असायचा. त्याच्या पाण्यानं कढई घासून, पाणी पन्हाळीत ओतून, तो पुढच्या चिठ्ठीकडे बघायचा. हे सगळं दोन मिनिटांत. रविवारी अशा कढया तो किती फिरवत असेल!

एका बुधवारी माझी नजर त्याच्या पायांकडे गेली. भट्टीसमोर उभा असताना तो एका पायावरचं वजन दुसऱ्यावर घेत होता. थोडा वेळ डावा, थोडा वेळ उजवा, टाच किंचित उचललेली. अगदी मी उभी राहते तसंच. बुटाच्या करंगळीच्या जागी त्यानं ब्लेडनं चीर दिलेली होती, सुजलेल्या बोटाला जागा व्हावी म्हणून. उभ्या राहणाऱ्या माणसाला उभं राहणारं माणूस लगेच कळतं. तोवर मी त्या अर्ध्या तासाला माझा अर्धा तास म्हणत होते. त्या दिवशी घास घशाखाली उतरेना. मी बसावं म्हणून समोर कुणी तरी उभं होतं, आणि त्याच्या समोर तर भट्टीही होती.

त्या जेवणाला नावं ठेवणारे पुष्कळ भेटले. दुकानातल्याच एका वरिष्ठ बाई म्हणायच्या, "ते काय खरं चायनीज आहे? चीनमध्ये कुणी मंचुरियन खात नाही." ते खरंच आहे. मंचुरियन मुंबईचंच. कोलकात्यात जन्मलेले चिनी वंशाचे शेफ नेल्सन वाँग यांनी १९७५च्या सुमारास क्रिकेट क्लब ऑफ इंडियात चिकन मंचुरियन पहिल्यांदा केलं, असं सांगितलं जातं. आलं, लसूण, हिरवी मिरची हे आपल्या कुठल्याही स्वयंपाकघरातलं सामान घ्यायचं, पण गरम मसाल्याऐवजी सोया सॉस आणि कॉर्नफ्लोअर. त्याच्याही आधी, अठराव्या शतकापासून, चिनी माणसं कोलकात्याला येऊन राहिली. तिथल्या टँग्रा भागात त्यांचे चामड्याचे कारखाने होते आणि पुढे खानावळी निघाल्या. म्हणजे घर सोडून आलेल्या माणसांनी, जिथे आलो तिथल्या माणसांच्या जिभेला रुचेल असं रांधलं. आणि आज कढई नेपाळी, ओडिया, बंगाली, ईशान्येकडच्या मुलांच्या हातात आहे. तीही घर सोडूनच आलेली. या जेवणात खोटं काय आहे, मला कधी कळलं नाही. माझी आई मुंबईत यायची तेव्हा तीही मालवणी कालवणात मिळेल त्या बाजारातला मासा घालायचीच की.

आईवरून तिरफळांची गोष्ट आठवते. खरं सांगायचं तर हे सगळं लिहायला बसले ते त्या गोष्टीसाठीच.

मी कुडाळ तालुक्यातली. आमच्याकडे बांगड्याचं तिखलं तिरफळांशिवाय होत नाही. आई म्हणायची, "तिरफळां नसली तर बांगड्याक वास कोण देतलो?" काटेरी बुंध्याचं झाड. फळं वाळली की उकलतात. आतली काळी बी टाकून द्यायची आणि टरफलं बरणीत भरायची. कालवण होत आलं की चार-पाच जराशी ठेचून सोडायची. खाताना ती बाजूला काढतात, पण एखादं चुकून दाताखाली आलंच तर जीभ अशी झिणझिणते की थोडा वेळ कशाचीच चव कळत नाही.

२०१६ साली दाई दोन महिने गावी जाऊन आला. पश्चिम नेपाळमधल्या डोंगरात त्याचं गाव, मुंबईपासून रेल्वे, बस, आणि शेवटचे काही तास पायी. आल्यानंतरच्या बुधवारी मला उशीर झाला होता, सेलची तयारी होती, चार वाजून गेले तेव्हा वर गेले. काउंटरवर मदतनीस एकटाच. "दाई पीछे है, खाना खा रहा है." मला उगाच वाटलं विचारपूस करावी. मी मागच्या सर्व्हिसच्या बोळात डोकावले. तिथं दाई उलट्या ठेवलेल्या भाजीच्या क्रेटवर बसला होता. इतक्या वर्षांत मी त्याला बसलेला पहिल्यांदा पाहत होते. मांडीवर नूडल्सचा वाडगा, हातात कागदाची पुडी, आणि त्या पुडीतलं काही तरी तो बोटांनी चुरडून वाडग्यात टाकत होता.

वास आला आणि मी जागच्या जागी थांबले. "हे तिरफळ?"

"टिमुर," तो म्हणाला. पुडी पुढे केली. आमच्या तिरफळांपेक्षा दाणे बारीक, रंगानं तांबूस-काळे, वास जास्त लिंबासारखा. पण उकललेलं टरफल तेच, आणि जिभेवर ठेवल्यावर ती तीच झिणझिण. मी त्याला मोडक्यातोडक्या हिंदीत सांगितलं की आमच्या गावाला याचा मोठा भाऊ आहे, माशात घालतात. तो म्हणाला, आमच्याकडे चटणीत, लोणच्यात. झाडाला काटे असतात? असतात. आमच्याही. बी टाकून देता? देतो. आम्हीही.

मग त्यानं बाजूचा दुसरा क्रेट पायानं माझ्याकडे सरकवला. "बैठो ना, ताई." एका वाटीत नूडल्स काढून दिल्या, वर टिमुर चुरडलं. बाहेर विकतात त्या नव्हेत. सॉस जवळजवळ नाहीच, लसूण, सुकी मिरची, मीठ. आम्ही दोघं त्या बोळात, पोछ्याच्या बादल्या आणि कोबीच्या गोण्यांच्या मधे, बसून जेवलो. पाच-सात मिनिटंच. फार काही बोललोही नाही. पण फूड कोर्टमधल्या सगळ्या बुधवारांत मी जेवले असेन तर त्या दिवशी.

पुढे मुलगी मोठी झाली, तिच्या हातात मोबाइल आला, तेव्हा तिनं एक गोष्ट वाचून दाखवली. आपण ज्याला शेझवान म्हणतो ते चीनमधल्या सिचुआन प्रांताचं नाव. तिथल्या जेवणाची ओळख नुसतं तिखट नाही. तिखटाबरोबर जिभेला येणारी बधिरता ही आहे, आणि ती येते सिचुआन मिरीमुळे. ही मिरी मिरीच्या घराण्यातली नाहीच. ती, नेपाळचं टिमुर आणि कोकणातलं तिरफळ हे तिघं एकाच कुळातले, झँथोझायलम या एकाच वनस्पती-गटातले. आपल्या शेझवान सॉसमध्ये सुकी लाल मिरची असते, लसूण असतो, व्हिनेगर असतं, साखर असते. सिचुआन मिरी मात्र बहुधा नसते. नाव तिथलं आलं, ती झिणझिण वाटेत राहिली.

मी कितीदा त्यावर विचार केलाय. काउंटरवरच्या पाटीवर शेझवान लिहिलेलं, आणि त्या प्लेटमध्ये नसलेली चव काउंटरच्या अलीकडे बसलेल्या बाईच्या घरी बरणीत होती, आणि पलीकडे उभ्या माणसाच्या खिशातल्या पुडीत होती. आम्ही दोघंही ती बाजूला ठेवून कामावर येत होतो. दाई गावाहून आला त्या वर्षी गणपतीला मोठ्या मिनतवारीनं चार दिवसांची रजा मिळाली. येताना मी आईकडून पावशेर तिरफळं आणली आणि दाईला दिली. त्यानं एक दाणा चावला, डोळे मिटले, आणि म्हणाला, "घर का है."

२०२०च्या मार्चमध्ये कोरोनामुळे मॉल बंद झाले. ५ ऑगस्टला महाराष्ट्रात मॉल उघडायला परवानगी मिळाली; फूड कोर्टमध्ये बसून खायला नव्हती. आम्ही मास्क लावून रिकाम्या दुकानात उभ्या राहायचो. तिसऱ्या मजल्यावर खुर्च्या एकावर एक रचून त्यांना पिवळ्या फितीनं बांधून टाकलेलं. मी डबा घेऊन जिन्यात जेवायचे आणि त्या बांधलेल्या खुर्च्यांकडे बघायचे. ऑक्टोबरमध्ये उपाहारगृहं निम्म्या क्षमतेनं सुरू झाली, हळूहळू आमचा चायनीजचा काउंटरही उघडला. भट्टीसमोर दुसराच मुलगा होता. दाई टाळेबंदी उठल्यावर गावी गेला तो आलाच नाही, इतकंच त्याला माहीत होतं. माझ्याकडे त्याचा नंबर नव्हता. कधी लागेल असं वाटलंच नव्हतं. दर बुधवारी तो समोर असायचाच.

२०२२ साली मीही सोडलं. पाय ऐकेनात. पण मनातून कारण आणखी एक होतं. मुलीनंच मला सांगितलं होतं की केरळमध्ये कपड्यांच्या दुकानांतल्या बायकांनी कामाच्या वेळात बसता यावं म्हणून कित्येक वर्षं लढा दिला. कोझिकोडच्या पी. विजी, स्वतः शिवणकाम करणाऱ्या, त्यात पुढे होत्या. २०१८ साली केरळनं कायदा बदलून तो हक्क लिहून दिला, २०२१ साली तमिळनाडूनंही. ते ऐकलं आणि माझ्या डोळ्यांत पाणी आलं. बसायला मिळणं ही मागणी होऊ शकते, त्यासाठी कायदा होऊ शकतो, हे मला कधी सुचलंच नव्हतं. मी दहा वर्षं ९० रुपये भरून तो हक्क आठवड्यातून एकदा विकत घेत होते, आणि ज्याच्याकडून घेत होते त्याला तोही मिळत नव्हता.

ग्राहक म्हणून मॉलमध्ये जाणाऱ्यांना माझं एवढंच सांगणं आहे. काउंटरवरून प्लेट घेताना आत एकदा बघा. तुम्हाला गरम वाफ दिसेल, ज्वाळा दिसेल. खाली पायांकडेही बघा. तिथं खुर्ची नसते. दुकानात मुलगी क्षणभर टेकलेली दिसली तर तक्रार करू नका. ती आळशी नाही, ती सकाळपासून उभी आहे.

आता डोंबिवलीला माझं छोटं दुकान आहे. फॉल-पिको, ब्लाउज, ड्रेसचं आल्टरेशन. मशीन घ्यायच्या आधी मी दोन उंच स्टुलं घेतली, पाठीला आधार असलेली. एक माझ्यासाठी, एक हाताखालच्या मुलीसाठी. ती वाशीम जिल्ह्यातली, विशीतली. पहिले काही दिवस गिऱ्हाईक आलं की ती दचकून उभी राहायची. मी म्हणायचे, बसून दाखव गं, कापड बसूनही दाखवता येतं.

बुधवारी आम्ही कोपऱ्यावरच्या गाडीवरून शेझवान राइस मागवतो. शटर अर्धं खाली ओढून स्टुलांवर बसतो. माझ्या ड्रॉवरमध्ये तिरफळांची लहान बरणी असते. गेल्या महिन्यात मी पहिल्यांदा तिच्या भातावर दोन तिरफळं चुरडली. तिनं घास घेतला, थबकली, बोट ओठाला लावलं.

"ताई, माझी जीभ झोपली."

"जागी होईल," मी म्हटलं. "पाच मिनिटं लागतात. बस तोवर."